अपकृत्य म्हणजे काय? नुकसान कोणी सोसायचे, याचा कायदा

रस्त्यावरील खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणाचा मृत्यू झाल्यास त्याच्या वारसांना सहा लाख रुपये, तर जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्यात यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. या आदेशातील रकमांची बरीच चर्चा झाली. तथापि त्यामागील प्रश्न फार जुना आहे. एकाच्या चुकीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले, तर ते नुकसान अखेर कोणी सोसायचे?

या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या कायद्याच्या शाखेस इंग्रजीत ‘टॉर्ट’ आणि मराठीत ‘अपकृत्य’ असे म्हणतात. आपल्या रोजच्या जीवनाशी तिचा निकटचा संबंध असूनही ती सर्वसामान्य नागरिकाला सर्वात कमी परिचित आहे. अपघात झाला की लोक पोलीस ठाण्यात जातात आणि गुन्हा नोंदवला गेला की न्यायाची प्रक्रिया सुरू झाली असे मानतात. प्रत्यक्षात आरोपीला शिक्षा होणे आणि पीडिताला भरपाई मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट आपोआप होतेच असे नाही, ती मागावी लागते. म्हणूनच या कायद्यातील मूलभूत संकल्पना व संज्ञा समजून घेणे उपयुक्त ठरते.

शब्दाचा अर्थ

‘टॉर्ट’ हा शब्द ‘पिळलेले, वाकडे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. सरळ मार्ग सोडून केलेले वर्तन, असा त्याचा मूळ आशय. मराठीतील ‘अपकृत्य’ या शब्दातही तोच भाव आहे.

भारतात हा कायदा एखाद्या संहितेच्या रूपात अस्तित्वात नाही. ब्रिटिश राजवटीत मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे स्थापन झालेल्या न्यायालयांमार्फत इंग्लंडमधील तत्त्वे येथे आली. ‘न्याय, समता आणि सद्सद्विवेक’ यांच्याशी जुळतील तेवढीच ती येथे लागू करावीत, असा दंडक होता. ब्रिटिश विधिज्ञ सर फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ मध्ये भारतासाठी दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा तयार केला होता, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. त्यामुळे आजही या शाखेचा मोठा भाग न्यायालयांच्या निवाड्यांतूनच वाचावा लागतो.

गुन्हा, करारभंग आणि अपकृत्य

एकाच घटनेतून गुन्हा व अपकृत्य ही दोन्ही उद्भवू शकतात. ट्रकच्या धडकेने पादचाऱ्याचा मृत्यू झाला, तर पोलीस चालकाविरुद्ध ‘हयगयीने व अविचाराने’ वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदवतात. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवण्याचा हा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो. या खटल्यात फिर्यादी पक्ष राज्य असते आणि प्रश्न शिक्षेचा असतो. त्याच घटनेबद्दल मृताच्या कुटुंबीयांनी भरपाईचा दावा केल्यास तो अपकृत्याच्या तत्त्वांवर चालतो. तेथे प्रश्न नुकसान भरून काढण्याचा असतो.

पुराव्याचे मापही दोन्हीकडे वेगळे आहे. फौजदारी खटल्यात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात मात्र कोणाची बाजू अधिक संभाव्य वाटते, एवढे पाहिले जाते. त्यामुळे चालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला, तरी तेवढ्यावरून भरपाईचा दावा संपुष्टात येत नाही. अनेक कुटुंबे खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबून राहतात. तसे थांबण्याची आवश्यकता नसते, आणि मुदतीचा विचार करता ते धोक्याचेही ठरू शकते.

करारभंगाहूनही अपकृत्य भिन्न आहे. करारातील कर्तव्ये उभय पक्षांनी आपसांत ठरवलेली असतात. अपकृत्याच्या कायद्यातील कर्तव्ये मात्र कायद्यानेच सर्वांवर घातलेली असतात. ट्रकचालकाने पादचाऱ्याशी कोणताही करार केलेला नसतो, तरीही त्याला इजा होऊ नये याची दक्षता घेणे चालकाला बंधनकारक असते.

हक्क आणि हानी

झालेल्या प्रत्येक नुकसानीबद्दल दाद मागता येत नाही. त्यासाठी कायद्याने मान्य केलेल्या हक्काचा भंग व्हावा लागतो. इंग्लंडमधील दोन जुन्या प्रकरणांवरून हा भेद स्पष्ट होतो.

१४१० मधील ग्लॉस्टर येथील प्रकरणात एका शाळेशेजारी दुसरी शाळा सुरू झाली. स्पर्धेमुळे पहिल्या शाळेला शुल्क कमी करावे लागले व तिचे नुकसान झाले. परंतु प्रामाणिक स्पर्धेने कोणाच्या हक्काचा भंग होत नसल्याने भरपाई नाकारण्यात आली. याउलट, १७०३ च्या ‘अ‍ॅशबी विरुद्ध व्हाइट’ या प्रकरणात एका पात्र मतदाराला मत देऊ दिले गेले नाही. त्याचे आर्थिक नुकसान काहीच झाले नव्हते. तरीही हक्काचा भंग झाला म्हणून त्याचा दावा मान्य झाला. पहिल्या प्रकरणात हानी होती पण हक्कभंग नव्हता, तर दुसऱ्यात हक्कभंग होता पण हानी नव्हती.

भारतातही या कसोटीचा वापर झाला आहे. ‘जय संतोषी माँ’ या चित्रपटामुळे धार्मिक भावना दुखावल्याचे सांगून त्याच्या प्रदर्शनास मनाई करावी, अशी मागणी गुजरात उच्च न्यायालयापुढे आली होती. केवळ भावना दुखावणे हा दाद मागण्याजोगा उपद्रव ठरत नाही, असे मत न्यायालयाने व्यक्त केले. हा निवाडा १९७८ च्या विधिवृत्तांत प्रसिद्ध आहे.

धूळ, धूर, दुर्गंधी अथवा सततचा गोंगाट यांमुळे शेजाऱ्याला आपल्या जागेचा उपभोग घेणे अशक्य झाल्यास मात्र तो ‘उपद्रव’ ठरतो. अशा प्रकरणात भरपाईबरोबरच तो प्रकार थांबवणारा मनाई हुकूमही मागता येतो. दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीविना शिरणे, बेकायदा अटकाव करणे आणि अब्रुनुकसानी ही अपकृत्याची आणखी काही उदाहरणे होत. भारतात अब्रुनुकसानी हे दिवाणी अपकृत्य आहे, तसाच तो गुन्हाही आहे.

निष्काळजीपणाची कसोटी

आजच्या काळातील बहुसंख्य दावे निष्काळजीपणाचे असतात. बोलीभाषेत हा शब्द स्वभावदोष दर्शवतो. कायद्यात त्यास निश्चित अर्थ आहे. प्रतिवादीवर दक्षतेचे कर्तव्य होते, त्या कर्तव्याचा भंग झाला आणि त्या भंगामुळेच वादीची हानी झाली, या तीन बाबी सिद्ध कराव्या लागतात. त्यांपैकी एक जरी निसटली, तरी दावा टिकत नाही.

कर्तव्य कोणाप्रती असते, याचे सर्वात प्रसिद्ध उत्तर ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हनसन’ या १९३२ च्या निवाड्यात मिळते. स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे एका महिलेला तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली. अपारदर्शक बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली व आपण आजारी पडलो, अशी त्या महिलेची तक्रार होती. बाटली तिने स्वतः विकत घेतली नसल्याने तिचा कोणाशीही करार नव्हता. तरीही उत्पादकाचे अंतिम ग्राहकाप्रती कर्तव्य असते, असा निर्णय हाऊस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने दिला. आपल्या कृतीची झळ ज्यांना पोहोचेल असे वाजवी विचाराने आधीच कळू शकते, ते सर्व कायद्याच्या दृष्टीने आपले ‘शेजारी’ होत, हे लॉर्ड अ‍ॅटकिन यांचे सूत्र याच प्रकरणातील आहे. भारतात सदोष उत्पादनाबद्दलच्या दायित्वासाठी आता ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये स्वतंत्र प्रकरण आहे.

डॉक्टरांच्या कर्तव्याबाबतचा भारतातील एक आरंभीचा महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातील घटनेतून आला. १९५३ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अपघातात मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणावर पुण्यात उपचार करण्यात आले. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आले आणि त्यानंतर तो दगावला, असे त्याच्या पित्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरांचे दायित्व कायम केले. रुग्ण स्वीकारायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तीन टप्प्यांवर डॉक्टरांनी वाजवी कौशल्य व दक्षता दाखवली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. रुग्ण बरा झालाच पाहिजे, अशी हमी मात्र कायदा मागत नाही.

वस्तुस्थितीच बोलते तेव्हा

निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे वादीवर असते. परंतु काही घटनांत चूक कशी घडली हे पीडिताला कळणेच शक्य नसते. दिल्लीत चांदणी चौकातील टाऊन हॉलसमोरचा घंटाघराचा मनोरा कोसळून काही जणांचा मृत्यू झाला होता. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता, तर त्या प्रकारच्या बांधकामाचे सर्वसाधारण आयुष्य ४० ते ४५ वर्षांचे मानले गेले. मनोरा महापालिकेच्या ताब्यात होता. योग्य देखभाल असती तर तो कोसळला नसता, असे अनुमान काढून सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेस जबाबदार धरले. ‘वस्तुस्थितीच बोलते’ या तत्त्वाचे हे भारतातील ठळक उदाहरण आहे.

प्रतिवादीलाही काही बचाव उपलब्ध असतात. वादीने धोका जाणून स्वेच्छेने संमती दिली होती, घटना अटळ होती, नैसर्गिक आपत्तीमुळे घडली किंवा स्वसंरक्षणार्थ केलेल्या कृतीतून घडली, हे त्यांतील प्रमुख होत. अपघातास वादीचीही काही अंशी चूक कारणीभूत असेल, तर त्यास ‘सहभागी निष्काळजीपणा’ म्हणतात आणि त्या प्रमाणात भरपाई कमी होते. दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याच, निर्दोष व्यक्तीला इजा झाल्यास मात्र तो ‘संयुक्त निष्काळजीपणा’ असतो. ट्रक व रिक्षा यांच्या धडकेत रिक्षातील प्रवासी जखमी झाला, तर तो दोघांपैकी कोणा एकाकडूनही संपूर्ण भरपाई वसूल करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ही बाब स्पष्ट केली आहे.

कृत्य एकाचे, दायित्व दुसऱ्याचे

नोकराने कामाच्या ओघात केलेल्या अपकृत्याबद्दल मालक जबाबदार असतो. यास ‘प्रातिनिधिक दायित्व’ म्हणतात. ट्रकचालकाकडे भरपाई देण्याची ऐपत नसते. ट्रकच्या मालकाविरुद्ध व विमा कंपनीविरुद्ध दावा करता येतो, यामुळेच हा कायदा व्यवहारात उपयोगी पडतो.

मात्र कृत्य कामाच्या ओघातच घडलेले असावे लागते. एका खातेदार महिलेने खात्यात भरण्यासाठी पैसे व पासबुक ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याकडे दिले आणि त्याने पैशांचा अपहार केला. तो कर्मचारी त्या वेळी बँकेचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर कुटुंबाचा परिचित म्हणून वागत होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बँकेस जबाबदारीतून मुक्त केले. बँकेचा व्यवहार बँकेच्या खिडकीवरच करावा, हा व्यावहारिक धडा त्यातून मिळतो.

कठोर आणि निरपेक्ष दायित्व

काही उद्योग मुळातच इतके धोकादायक असतात की, तेथे निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट घालणे अन्यायाचे ठरते. ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या प्रकरणात एका गिरणीमालकाच्या तलावातील पाणी शेजारच्या खाणीत शिरले. मालकाची स्वतःची चूक नसतानाही हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८६८ मध्ये त्यास जबाबदार धरले. हे ‘कठोर दायित्व’ होय. नैसर्गिक आपत्ती, तिऱ्हाइताचे कृत्य, वादीची संमती इत्यादी अपवाद त्यास आहेत.

भारताने या तत्त्वाच्या पुढे पाऊल टाकले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये वायुगळतीची भीषण दुर्घटना घडली. त्यानंतर एका वर्षाने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील श्रीराम उद्योगसमूहाच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. या प्रकरणात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने २० डिसेंबर १९८६ रोजी ‘निरपेक्ष दायित्वा’चे तत्त्व मांडले. धोकादायक उद्योगातून हानी झाल्यास कोणताही अपवाद न करता उद्योगाने भरपाई द्यावी आणि उद्योग जितका मोठा व समर्थ, तितकी भरपाई अधिक असावी, असे न्यायालयाने सांगितले. प्रत्यक्ष भरपाईसाठी मात्र पीडितांच्या वतीने योग्य न्यायालयात दावे दाखल करण्याची व्यवस्था करण्यात आली.

भोपाळच्या पीडितांना या तत्त्वाचा प्रत्यक्ष लाभ झाला नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीने ते प्रकरण मिटवण्यात आले. भरपाई वाढवून मागणारी केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. तथापि चूक सिद्ध न करता दिलासा देण्याचा विचार पुढील कायद्यांत उतरला. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० ही त्याची उदाहरणे होत. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणम येथे वायुगळती झाल्यानंतर हरित न्यायाधिकरणाने दुसऱ्याच दिवशी संबंधित कंपनीस ५० कोटी रुपये जमा करण्याचा आदेश दिला होता.

चूक शासनाची असेल तर?

राजा चूक करू शकत नाही, या जुन्या कल्पनेतून शासनाच्या ‘सार्वभौम संरक्षणा’चे तत्त्व आले. राजस्थानात सरकारी जीपच्या धडकेने झालेल्या मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये राज्याला जबाबदार धरले. मात्र १९६४ मध्ये मेरठ पोलिसांनी जप्त केलेल्या सोन्याचा अपहार झाल्याच्या प्रकरणात, पोलिसांचे काम सार्वभौम स्वरूपाचे असल्याचे सांगून भरपाई नाकारण्यात आली.

पुढे न्यायालयांनी मूलभूत हक्कांच्या आधारे वेगळा मार्ग काढला. बिहारमध्ये निर्दोष सुटल्यानंतरही १४ वर्षे तुरुंगात ठेवण्यात आलेल्या एका कैद्याला १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली. १९९३ मध्ये ओडिशातील पोलीस कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणात दीड लाख रुपये देण्याचा आदेश देताना, मूलभूत हक्कांच्या भंगास सार्वभौम संरक्षणाचा बचाव लागू होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. खड्ड्यांबाबतचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेशही सुरक्षित रस्त्याला जगण्याच्या हक्काशी जोडणाऱ्या याच परंपरेतील आहे.

येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. विधी आयोगाचा १९५६ चा पहिलाच अहवाल अपकृत्याबाबत राज्याच्या दायित्वावर होता. त्यानंतर विधेयकेही मांडली गेली, परंतु कायदा झाला नाही. जे संसदेने करावयाचे, ते न्यायालये एकेका प्रकरणातून करीत आली आहेत.

भरपाई कशी मोजतात?

मोटार अपघातातील मृत्यूच्या दाव्यात भरपाईचे गणित बऱ्याच अंशी ठरून गेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ मधील निवाड्यांनी त्याचे निकष घालून दिले. समजा, दरमहा २० हजार रुपये कमावणारा ३४ वर्षांचा दुकानदार अपघातात मरण पावला आणि पत्नी व दोन मुले त्याच्यावर अवलंबून होती. स्वयंरोजगार करणाऱ्या ४० वर्षांखालील व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवले जातात. त्यामुळे मासिक उत्पन्न २८ हजार व वार्षिक ३ लाख ३६ हजार रुपये धरले जाईल. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा केल्यास २ लाख २४ हजार उरतात. त्यास वयानुसार ठरलेल्या १६ या गुणकाने गुणले असता ३५ लाख ८४ हजार रुपये होतात. अंत्यसंस्कार, संपत्तीची हानी व सहवासाला मुकणे यांसाठीच्या ठरावीक रकमा त्यात वेगळ्या मिळवल्या जातात.

धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडले नाही, तरीही कुटुंब रिकाम्या हाती राहू नये, अशी तरतूद आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार अशा प्रकरणी मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात.

मुदत आणि मार्ग

भरपाईचा हक्क असला, तरी तो मुदतीत बजावावा लागतो. अब्रुनुकसानी व बेकायदा अटकावाच्या दाव्यास एक वर्ष, १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखालील दाव्यास दोन वर्षे, तर ज्यांसाठी वेगळी तरतूद नाही अशा दाव्यांस तीन वर्षे, अशी सर्वसाधारण मुदत आहे. ग्राहक आयोगाकडील तक्रारीस दोन वर्षांची मर्यादा आहे. मोटार अपघात दाव्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली व ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. त्यामुळे अपघातग्रस्तांच्या कुटुंबीयांनी दावा करण्यास विलंब न करणेच श्रेयस्कर आहे.

दावा कोठे करावा, हे नुकसानीच्या स्वरूपावर अवलंबून असते. वाहन अपघातासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, सदोष वस्तू वा सेवेसाठी ग्राहक आयोग, प्रदूषणासाठी हरित न्यायाधिकरण, मूलभूत हक्काच्या भंगासाठी उच्च न्यायालय आणि इतर बाबींसाठी दिवाणी न्यायालय, असे हे मार्ग आहेत. दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात न्यायालयीन शुल्क भरावे लागते आणि वेळही बराच जातो. उपद्रव किंवा अतिक्रमणाचे दावे लोक टाळतात, त्यामागे हेही एक कारण आहे. उत्पन्न कमी असलेल्यांना, तसेच महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते.

कोणताही मार्ग निवडला, तरी आधार कागदपत्रांचाच असतो. प्रथम खबर अहवाल, पंचनामा, रुग्णालयाची देयके व तपासणी अहवाल, उत्पन्नाचा पुरावा, घटनास्थळाची छायाचित्रे आणि साक्षीदारांची नावे पहिल्या काही दिवसांतच जमवून ठेवणे हिताचे असते. शोकात बुडालेल्या कुटुंबाला हे सुचत नाही. अशा वेळी एखाद्या नातेवाईकाने किंवा शेजाऱ्याने हे काम हाती घेतले, तर पुढे त्या कुटुंबाला त्याचा मोठा आधार होतो.